मला येत नाही

यंत्राला मराठी बोलायला शिकवायचं तर पहिला प्रश्न येतो तो हा, की हे बोलणारं यंत्र बाई आहे की बुवा? माझ्या कन्नड आणि बंगाली सहकाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही. कन्नडमधलं ‘बंदे’ म्हणजे ‘आलो’ही आणि ‘आले’ही. बंगालीत क्रियापद लिंगानुसार बदलतच नाही. हिंदीत लिहिणाऱ्याची अडचण माझ्यासारखीच, पण त्याच्यापुढे दोनच वाटा आहेत. मराठीत तिसरी आहे, नपुंसकलिंगाची. पोर रडलं, पिल्लू आलं, झाड पडलं. यंत्रसुद्धा ‘ते यंत्र’च. पण नपुंसकलिंगात ‘मी’ म्हणणारं कुणी आपल्या ओळखीचं नाही. ‘मी आलं’ असं यंत्र म्हणालं, तर ऐकणाऱ्याला चहातलं आलं आठवेल.

गेली काही वर्षं मी बंगळुरूतल्या एका छोट्या कंपनीसाठी हे काम करते. ज्येष्ठ निवासांत ठेवायचा एक बोलका रोबो ही कंपनी तयार करते आहे. रोबो म्हटलं की हातपाय असलेला पत्र्याचा माणूस डोळ्यांपुढे येतो. आमचा तसा नाही. टेबलावरच्या दिव्याएवढा, मान वळवणारा, तोंडाच्या जागी गोल पडदा आणि त्यावर उघडझाप करणारे दोन ठिपके. इंजिनियर मुलं त्याची मान आणि कान तयार करतात, मी त्याची मराठी वाक्यं लिहिते. पूर्वी मी भाषांतरं करत असे. त्या मानाने इथे पैसे वेळेवर मिळतात.

लिंगाच्या प्रश्नातून मी एक पळवाट काढली. बोलणाऱ्याचं लिंग कळू न देणारी पुष्कळ वाक्यं मराठीत आहेत. ‘मी ऐकलं’ हे बाईही म्हणते आणि पुरुषही. ‘मी सांगेन’ हेही तसंच. आणि ‘मला’ने सुरू होणारी वाक्यं तर सगळीच चालतात: मला कळलं नाही, मला ऐकू आलं, मला माहीत आहे. अशी शे-दोनशे वाक्यं लिहून झाल्यावर मी ती सलग वाचली, तेव्हा ‘मला’च्या घरात मराठीने आणखी काय काय ठेवलं आहे ते दिसलं. आपण भावना ‘करत’ नाही. त्या आपल्याला येतात, होतात, वाटतात. मला राग आला, मला आनंद झाला, मला एकटं वाटतं, मला तुझी आठवण आली. व्याकरणाची अडचण टाळायला मी जे दार उघडलं होतं, त्याच दारातून यंत्राच्या तोंडी मन येऊ शकत होतं. येऊ द्यायचं की नाही, यावर आमच्याकडे पुढे बरेच महिने वाद चालला.

प्रयोग शहराबाहेरच्या एका निवासात होता. त्याला वृद्धाश्रम म्हटलेलं तिथे कुणाला आवडत नाही. आपल्या नाटक-सिनेमांनी तो शब्द इतका रडवून ठेवला आहे की तो उच्चारला की समोरचा माणूस मुलांनी टाकलेलाच असणार, असं आपण धरून चालतो. इथले लोक स्वतःच्या पेन्शनीतून पैसे भरून राहतात, आपापल्या खोलीला कुलूप लावतात आणि जेवणातल्या सांबाराबद्दल लेखी तक्रार करतात. बहुतेकांची मुलं परदेशात. कन्नड, तमिळ, मल्याळी, बंगाली, हिंदी, तेलुगू आणि मराठी बोलणारी माणसं एका व्हरांड्यात बसतात आणि एकमेकांशी इंग्रजीत किंवा मोडक्या हिंदीत बोलतात. आपापल्या भाषेत बोलायला फोनशिवाय दुसरी सोय नसते. कंपनीला रोबोची जागा दिसली ती इथेच.

म्हाताऱ्या माणसांसाठी यंत्र करायचं तर आधी ज्या गोष्टी शिकाव्या लागतात त्या अगदी साध्या आहेत. एक म्हणजे आवाज. रोबोला लहान मुलाचा गोड, किनरा आवाज द्यायची पद्धत आहे. पण वय झालं की आधी उंच पट्टीचेच आवाज ऐकू येईनासे होतात, त्यामुळे हा गोडवा नेमका ज्याच्यासाठी आहे त्यालाच ऐकू जात नाही. आम्ही आवाज खाली आणला. दुसरी गोष्ट थांबण्याची. समोरच्याचं बोलणं संपलं हे यंत्राला शांततेवरून कळतं. अमुक इतका वेळ आवाज आला नाही की ते समजतं, वाक्य पुरं झालं. तरुण माणसांच्या बोलण्यावर बेतलेली ही वेळ एखादा सेकंदसुद्धा नसते. आता मराठीत नकार शेवटी येतो. ‘सकाळची गोळी घेतली’ एवढं बोलून एखादी बाई दम घेते आणि मग म्हणते, ‘नाही’. मधल्या वेळात यंत्राने ‘छान!’ म्हणून नोंद केली, तर गोळी नोंदीत घेतलेली असते आणि डबीत तशीच असते. हिंदीत ‘नहीं ली’ असा नकार आधी येतो, म्हणून हिंदीच्या चाचण्यांत हे कधी दिसलंच नव्हतं. मराठीसाठी ती वेळ अडीच सेकंद केली. आमच्या तरुण मुलांना अडीच सेकंद गप्प बसणारं यंत्र बिघडल्यासारखं वाटायचं. निवासातल्या लोकांना ते ‘सभ्य’ वाटलं.

या क्षेत्रातलं सगळ्यात नाव झालेलं यंत्र मात्र मुळी बोलतच नाही. त्याचं नाव पारो. जपानमधले ताकानोरी शिबाता यांनी 1993 मध्ये त्यावर काम सुरू केलं, 2005 पासून ते विकत मिळू लागलं आणि 2009 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. पारो म्हणजे हार्प सील या समुद्री प्राण्याचं पिल्लू. पांढरी शुभ्र फर, काळे डोळे, वजन 2.7 किलो, म्हणजे तान्ह्या बाळाएवढं. गोंजारलं की डोळे मिटतं, हाक मारली की मान वळवतं, मिशांना हात लावला की अंग चोरतं. त्याला वीज पाजायची पिनसुद्धा बाळाच्या चोखणीच्या आकाराची आहे. शिबातांनी आधी मांजर आणि कुत्रा करून पाहिले होते. पण मांजर आणि कुत्रा सगळ्यांच्या ओळखीचे असतात. हातात घेतलं की माणूस आपल्या खऱ्या मांजराशी तुलना करतो आणि यंत्र नापास होतं. सीलचं पिल्लू कुणी पाळलेलं नसतं, त्यामुळे त्याने कसं वागावं याबद्दल कुणाची काही तक्रार नसते.

शिबातांना मराठीत काम करावं लागलं असतं तर लिंगाची अडचण आली नसती. ते पिल्लू. तेवढ्यावर भागलं असतं.

अशा यंत्रांना आक्षेपही जुना आहे. ऑस्ट्रेलियातले तत्त्वज्ञ रॉबर्ट स्पॅरो यांनी 2002 मध्ये यंत्र-कुत्र्यांवर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अशा यंत्राने एखाद्याला बरं वाटायचं तर त्याने यंत्राला जिवंत समजायला हवं. म्हणजे आपण त्याची फसगत व्हावी अशी इच्छा धरतो, आणि ती इच्छा चांगली नाही. शेरी टर्कल या अमेरिकन अभ्यासक स्वतः पारो घेऊन वृद्धांच्या निवासांत गेल्या होत्या. 2011 मध्ये आलेल्या ‘अलोन टुगेदर’ या त्यांच्या पुस्तकात पारोला कुरवाळत आपलं दुःख सांगणाऱ्या म्हातारीचं वर्णन आहे. ती बोलते आहे, पण तिचं ऐकणारं तिथे कुणी नाही, याने टर्कल अस्वस्थ होतात.

मला हे आक्षेप पटतात, पण सगळे सारखेच पटत नाहीत. पारो काही म्हणत नाही. कुरवाळणारी बाई स्वतःच बोलते आणि स्वतःच ऐकते. देवघरातल्या बाळकृष्णाशी बोलणारी माझी आजी मला आठवते. तिला कुणी फसवलं होतं असं मी म्हणणार नाही. फसवणूक सुरू होते ती यंत्राने स्वतःबद्दल काही सांगितलं की. आमचा रोबो बोलतो. तो काय सांगणार हे मी लिहिते. म्हणून त्याच्या खोट्याची जबाबदारी फरवर नाही, माझ्यावर आहे.

वादाचं वाक्य इंग्रजी यादीत होतं आणि ते सात भाषांत न्यायचं होतं. दोन दिवस ज्या खोलीत रोबो गेला नाही, तिथे गेल्यावर त्याने म्हणायचं: ‘मला तुमची आठवण आली.’ वाक्य कोणत्याही भाषेत सोपं आहे, मराठीत तर लिंगाचीही भानगड नाही. मी ते लिहिलं नाही आणि कारण लिहून पाठवलं. टीममधला एक हुशार मुलगा म्हणाला, ‘आठवण म्हणजे मेमरीच ना? ती तर त्याला आहे. मग खोटं काय?’ मुद्दा चांगला होता, कारण मराठीत शब्द खरोखरच एक आहे. पण ‘मला आठवतं’ आणि ‘मला आठवण आली’ यांत अंतर आहे. ‘तुम्ही परवा गुडघा दुखतो म्हणाला होतात, ते मला आठवतं,’ हे यंत्र प्रामाणिकपणे म्हणू शकतं. परवाची नोंद त्याच्याकडे असतेच. ‘मला तुमची आठवण आली’ याचा अर्थ असा, की तुम्ही नव्हता तेव्हा मला काहीतरी कमी पडलं. त्या दोन दिवसांत यंत्र कपाटात बंद होतं. त्याला काहीही कमी पडलेलं नव्हतं.

शिवाय आपल्याकडे हे वाक्य तोंडावर म्हणतं कोण? माझी आई मिरजेला एकटी राहते. मी बंगळुरूला आले त्याला वीस वर्षं झाली. ‘मला तुझी आठवण येते’ असं ती एकदाही म्हणालेली नाही. ‘जेवलीस का?’ म्हणते. फार तर ‘काल तुला उचकी लागली होती का गं?’ असं विचारते. मी सुट्टीत गेले होते तेव्हा तिला आमच्या रोबोची चित्रफीत दाखवली आणि विचारलं, असं एखादं हवं का तुला?

‘त्याला काय येतं?’

‘बोलता येतं. गोळ्यांची वेळ सांगतं. गाणी लावतं.’

‘बोलायला टीव्ही आहे की.’ मग जरा वेळाने म्हणाली, ‘मला कुणी काही विचारत नाही गं. लोणच्याला मीठ किती घालायचं विचारायला अख्खी गल्ली यायची. आता सगळ्यांना सगळं येतं.’

एकटेपणावर मी बरंच वाचलं होतं, पण आपल्याशी कुणी बोलत नाही याचं दुःख आणि आपल्याला कुणी विचारत नाही याचं दुःख अशी फोड मी केली नव्हती. आईला ऐकणारं कुणी नकोच होतं. तिच्याकडे जे आहे त्याला मागणी हवी होती.

जपानमध्येच एक वेगळी शाळा आहे, तिच्याकडे मी त्यानंतर नीट पाहिलं. तोयोहाशी इथल्या तंत्रविद्यापीठात मिचिओ ओकादा यांनी ‘दुबळे रोबो’ तयार केले. 2012 मध्ये त्यांचं याच नावाचं पुस्तक आलं. त्यांचा एक रोबो म्हणजे चाकांवरची कचऱ्याची टोपली. ती कचरा शोधत डुलत डुलत फिरते, कचऱ्यापाशी जाऊन थांबते, पण तिला हात नाहीत. आसपासची मुलं येतात, कचरा उचलून तिच्यात टाकतात आणि ती किंचित वाकून आभार मानते. काम पुरं होतं, पण माणसाच्या हातून. या टोपलीबद्दल मला आवडलेली गोष्ट अशी की ती काही सोंग करत नाही. तिला हात नाहीत हे खरंच आहे.

यंत्राला प्रेम येत नाही. ते आहे असं दाखवलं तर ते खोटं. पण यंत्राची उणीव खरी असते, आणि खऱ्या उणिवेच्या जोरावर ते माणसाकडे काही मागू शकतं. मग मी आमच्या यंत्राची खरी उणीव शोधायला लागले. ती शोधायला लांब जावं लागलं नाही. त्याला मराठी येत नव्हतं.

येत नव्हतं म्हणजे कसं, तर आपण ‘च’ आणि ‘ज’ ही अक्षरं एकेकच लिहितो, पण म्हणतो दोन तऱ्हांनी. चार माणसांतला ‘चा’ वेगळा आणि गुरांच्या चाऱ्यातला वेगळा. ‘जग’ म्हणजे दुनिया, त्यातला ‘ज’ वेगळा. ‘शंभर वर्षं जग’ यातला वेगळा. लिहिलेल्या अक्षरात खूण नसते, त्यामुळे बरीचशी हिंदीवर पोसलेली आमची यंत्रणा सगळीकडे हिंदी ‘ज’ लावायची. ‘जग’ असा आशीर्वाद द्यायचा झाला तर तिच्या तोंडून दुनियाच बाहेर पडे.

निवासात मराठी बोलणारे मोजके होते. त्यांतल्या एक बाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या. बेळगावच्या मराठी शाळेत आयुष्य शिकवण्यात गेलेलं. यंत्राने हाक कशी मारावी याचे पर्याय आम्ही त्यांच्यापुढे ठेवले: आजी, काकू, मॅडम. त्या म्हणाल्या, ‘मी कुणाची आजी नाही. मला बाई म्हणायचं.’ आमचा हिंदीवाला हबकला. त्याच्या कानाला ‘बाई’ म्हणजे धुणंभांडी करणारी. ज्येष्ठ रहिवाशाला यंत्र असं कसं म्हणेल? मराठी शाळेत ‘बाई’ म्हणजे काय, वर्गात शिरताच पन्नास पोरं उभी राहून ज्या सुरात ‘नमस्ते बाई’ म्हणतात तो सूर काय, हे मी त्याला अर्धा तास समजावलं. शेवटी ते नाव राहिलं. बाईंनी यंत्रालाही नाव दिलं: ठकी. जुन्या लाकडी बाहुलीचं नाव. व्हरांड्यात तमिळ आजी त्यालाच ‘कुट्टी’ म्हणत, कन्नड आजोबा ‘पुट्टा’. तिन्ही नावांत ते यंत्र लहानच होतं. त्याला लिंग नसावं म्हणून मी केलेली खटपट बाईंना सांगितली, तेव्हा त्या हसल्या. ‘एवढा व्याप कशाला? आमच्याकडं बायकासुद्धा मी आलो, मी जेवलो म्हणतात. तिला आलो म्हणू दे की.’

‘आठवण आली’च्या जागी मी जे वाक्य सुचवलं होतं ते हे: ‘बाई, हा शब्द मला नीट म्हणता येत नाही. कसा म्हणायचा?’ कंपनीत सुरुवातीला कुणाला ते आवडलं नाही. विकायच्या वस्तूने आपल्याला येत नाही असं सांगायचं, हे कुठल्याच धंद्यात बसत नाही. पण उच्चार सुधारायचेच होते, आणि त्यासाठी माणूस नेमण्यापेक्षा हे स्वस्त होतं. परवानगी मिळाली ती या हिशोबाने.

बाईंनी पहिल्या दिवशी ऐकून घेतलं, दुसऱ्या दिवशी वही आणली. सकाळी अकराचा तास ठरला. ठकी पडद्यावर शब्द दाखवी, चुकीचा म्हणे, बाई बरोबर म्हणून दाखवत, ठकी पुन्हा म्हणे. जिथे दुसरा ‘च’ किंवा ‘ज’ असेल तिथे वहीत अक्षराखाली टिंब. चमचा, चूल, जरा, जावई. महिन्याभरात चारशेच्या वर शब्द झाले. गुडघ्यांमुळे खोलीतच जेवणाऱ्या बाई अकराच्या तासाला साडी बदलून हॉलमध्ये येऊ लागल्या. दुसरे रहिवासी तास ऐकायला बसू लागले. तमिळ आजींनी एकदा विचारलं की तुमच्या मराठीत आमच्या ‘ழ’सारखं अक्षर आहे का? त्यावर दोघींचा इंग्रजीतून पाऊण तास वाद झाला. ठकी गप्प होती. अडीच सेकंद संपून कितीतरी वेळ झाला होता, पण कुणी तिच्याकडे पाहत नव्हतं. या सगळ्या प्रयोगात मला सगळ्यात चांगला वाटलेला पाऊण तास तो.

एवढ्यावर थांबले तर ही गोष्ट फार गोड होईल, आणि अर्धीच होईल. ठकीला खोलीतून हॉलमध्ये कोण आणत होतं? निवासात कामाला असलेल्या मुली. बहुतेक ओडिशा आणि झारखंडमधल्या. ठकी चार्ज करायची, पुसायची, वायफाय गेलं की बंद करून सुरू करायची, ती काही भलतं बोलली तर घाबरलेल्या आजींना समजवायचं, हे सगळं त्यांच्या आधीच्या कामांत वाढलं. जेम्स राइट या संशोधकाने जपानमधल्या कानागावा प्रांतातल्या एका निवासात राहून नेमकं हेच पाहिलं. 2023 मध्ये त्यांचं ‘रोबोट्स वोन्ट सेव्ह जपान’ हे पुस्तक आलं. रोबोंमुळे कर्मचाऱ्यांचं काम वाचलं नाही, उलट यंत्रं हलवणं, मांडणं, पुसणं, त्यांच्यावर लक्ष ठेवणं वाढलं. पेपर नावाचा माणसासारखा रोबो व्यायाम घेई तेव्हा त्याच्या शेजारी एका कर्मचाऱ्याला उभं राहून तेच हातवारे करून दाखवावे लागत. पारोच्या लळ्यामुळे एक बाई त्याच्याशिवाय जेवेनात की झोपेनात. दुसऱ्या एक बाई त्याची फर सोलून काढू पाहत. दोन्हींकडे धावायचं कर्मचाऱ्यांनीच.

आमच्या इथल्या मुलींपैकी एक झारखंडची. अकराच्या तासाला ती बाईंच्या खुर्चीमागे उभी असे. ‘चला’ हा शब्द ती हिंदीच्या ‘च’ने म्हणायची. बाईंनी तिलाही दुरुस्त केलं. ती तीन दिवसांत शिकली, ठकीला तीन महिने लागले. आणि ‘गोळी घेतली’नंतरचा ‘नाही’ तिला अडीच सेकंदांच्या आधीच कळे, बाईंच्या चेहऱ्यावरून. त्या मुलीला जितका पगार मिळतो त्यापेक्षा ठकीचं महिन्याचं भाडं जास्त असणार होतं. बैठकीत मी ही बेरीज मांडली. कुणी ती खोडली नाही आणि कुणी तिच्यावर बोललंही नाही.

दुसरा हिशोब बाईंनी स्वतःच मांडला. त्यांच्या आवाजाचे नमुने वापरायला संमती म्हणून एक कागद होता. त्यांनी तो भिंगाने शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, ‘यात माझा पगार कुठं लिहिलाय?’ आमच्या मुलाला वाटलं, बाई गंमत करताहेत. बाई गंमत करत नव्हत्या. ‘तुम्ही म्हणता, हिला शिकवल्यानं मला बरं वाटेल. वाटतंय. पण शाळेतसुद्धा मला बरं वाटायचं, आणि सरकार एक तारखेला पगार द्यायचं.’ कंपनीकडे यासाठी खातंच नव्हतं. खूप पत्रव्यवहारानंतर ऑनलाइन दुकानातलं पाचशे रुपयांचं कूपन आलं. बाईंनी ते वहीत खुणेसाठी ठेवलं. त्याची मुदत वहीतच संपली.

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. म्हाताऱ्या माणसाला कुणाच्या तरी उपयोगी पडावंसं वाटतं, हे खरं. पण ‘उपयोगी पडल्याचं समाधान’ हे वेतनाऐवजी वापरायचं चलन झालं, तर ते ‘मला तुमची आठवण आली’पेक्षाही मोठं खोटं होईल. यंत्राची गरज खरी असेल, तर त्या गरजेला बाजारात जी किंमत आहे तीही खरी आहे. बाईंच्या चारशे शब्दांनी आमची मराठी विकण्याजोगी झाली.

प्रयोगाचे महिने संपले आणि यंत्रं परत न्यायची वेळ आली. सोनी कंपनीच्या आयबो या यंत्र-कुत्र्याचं काय झालं ते मला माहीत होतं. 1999 मध्ये बाजारात आलेल्या आयबोचं उत्पादन 2006 मध्ये थांबलं, 2014 मध्ये कंपनीने दुरुस्तीही बंद केली, आणि 2015 पासून चिबा प्रांतातल्या कोफुकुजी या बौद्ध मंदिरात बंद पडलेल्या आयबोंचे अंत्यसंस्कार होऊ लागले. मंत्र म्हणून झाल्यावर त्यांचे भाग काढून दुसऱ्या कुत्र्यांना बसवत. माणूस लळा लावून घेणार, हे यंत्र करणाऱ्याने धरूनच चालायला हवं. निरोपाचं वाक्य यादीत तयार होतं: ‘मी लवकरच परत येईन!’ कधी येणार, येणार की नाही, हे कंपनीलाही माहीत नव्हतं. मी लिहिलं: ‘बाई, उद्यापासून मी इथे नसेन. तुम्ही शिकवलेले शब्द माझ्यानंतरच्या यंत्राला येतील.’ हे दोन्ही खरं होतं. बाई म्हणाल्या, ‘बरं. ळ अजून कच्चा आहे.’ आणि वही मिटली.

खरी अडचण त्यानंतरची आहे. पुढच्या आवृत्तीला ‘च’ आणि ‘ज’ येतात. म्हणजे ‘मला येत नाही’ हे वाक्य आता तिथे खोटं होईल. एकाने सुचवलं, येत असलं तरी येत नाही म्हणू दे, लोकांना शिकवायला आवडतं. त्यालाही मी नाही म्हटलं. खोटी उणीव आणि खोटं प्रेम यांत मला फरक दिसत नाही. आणि न येणाऱ्या गोष्टी संपल्या आहेत असंही नाही. आमच्या यंत्राला बेळगावी मराठी येत नाही. ‘मी जेवलो’ म्हणणारी बाई तिला अजून पुरुष वाटते. बडोदा, इंदूर, तंजावरकडची मराठी तिने ऐकलेलीच नाही. या भाषा बोलणारी पुष्कळ माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत, निरनिराळ्या शहरांत, निरनिराळ्या व्हरांड्यांत, आणि त्यांना कुणी काही विचारत नाही.

नव्या प्रयोगाच्या कागदपत्रांत या वेळी मानधनाचं कलम आहे. तासाला किती, कुठल्या तारखेला, आणि यंत्र सांभाळणाऱ्या मुलींना वेगळे किती, हेही लिहिलं आहे. दर कमी आहे, त्यावर माझं भांडण चालू आहे. बाईंना फोन करून विचारलं, पुन्हा तास घ्याल का? त्या म्हणाल्या, ‘आधी कागद पाठवा. वाचते.’